लाल रेघेच्या अलीकडे

मी एक जुना लाकडी पेच आहे. मला पहिल्यांदा पाहणारे मूल भोवराच समजते आणि दोरी शोधायला धावते. त्यात त्या मुलाची काही चूक नाही. खाली टोक, वर फुगीर अंग, लाकूड पेरूचे. भोवऱ्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की माझ्या अंगावर टोकापासून वरपर्यंत आटे पाडलेले आहेत आणि डोक्याच्या जरा खाली एक लाल रेघ आहे. मित्रांनो, मी आज तुम्हाला त्या रेघेची गोष्ट सांगणार आहे. त्या रेघेपर्यंत मी कधीच पोहोचलो नाही.

माझा जन्म शिलाँगच्या दक्षिणेला, पिनुर्स्लाच्या खालच्या अंगाला, उतारावरच्या एका गावात झाला. तिथे घरामागे सुपारीची झाडे असतात आणि त्या झाडांवर पानवेली चढवलेल्या असतात. बाह तेइबोर नावाचे कातारी तिथे लेथवर भोवरे बनवत; आमच्याकडे पुरुषाला मानाने बाह म्हणतात आणि बाईला कोंग. एके दिवशी डोंगरावरच्या रुग्णालयातल्या डॉक्टर इबान त्यांच्याकडे आल्या. त्या भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या. त्यांनी कागदावर माझे चित्र काढून आणले होते. हे कशासाठी, असे तेइबोरांनी विचारले. माणसांचे तोंड उघडण्यासाठी, असे त्या म्हणाल्या.

तेइबोर हसले. "तोंड बंद करायचं काही असेल तर सांगा, कोंग डॉक्टर. आमच्या गावात त्याचा खप जास्त होईल."

डॉक्टर इबानही हसल्या. मग त्यांनी तेइबोरांना स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून तोंडात घालायला सांगितली. तेइबोरांची तिन्ही बोटे आत गेली. डॉक्टर म्हणाल्या, की निरोगी तोंड एवढे उघडते, पण रुग्णालयात येणाऱ्या कितीतरी लोकांचे एकच बोट जाते. तेइबोरांनी लेथ थांबवला. त्यांच्या ओळखीचा असा एक माणूस होता. त्यांनी मग भोवऱ्यासाठी राखलेले सर्वांत चांगले लाकूड माझ्यासाठी काढले, आणि माझे आटे इतके गुळगुळीत घासले की ओठाला कुठे खरचटू नये.

तो माणूस म्हणजे बाह रोस्टन.

रोस्टन हे आमच्या भागातले नावाजलेले बोलणारे होते. आमच्याकडे लग्नात वधूकडचा एक आणि वराकडचा एक असे दोन बोलणारे चटईवर समोरासमोर बसतात. एक विचारतो, दुसरा उत्तर देतो. कुळ कोणते, घर कोणते, मुलीच्या बाजूने कोण जबाबदार, मुलगा निभावेल ना. सगळे अदबीने, पण चिमटे काढत चालते. त्या दोघांचे समाधान होईपर्यंत नवरा मुलगा बाहेर ताटकळत उभा राहतो. रोस्टन वधूकडून बसणार असे कळले की वराकडची माणसे आदल्या दिवसापासून धास्तावत.

त्यांची एक थट्टा तर सगळ्या डोंगरउतारावर माहीत होती. पूर्वी एका लग्नात समोरच्या बोलणाऱ्याने बोलण्याच्या भरात, पुढे केलेली क्वाई तबकातच राहू दिली होती. क्वाई म्हणजे सुपारीची फोड, पान आणि चुना. आमच्याकडे घरात पाऊल टाकणाऱ्याला पाण्याच्या आधी क्वाई देतात. रोस्टननी त्या तबकाकडे शांतपणे पाहिले आणि सगळ्यांसमोर विचारले, "आमच्या घरचा चुना कडू लागतो का, बाह?" मांडवात हशा पिकला. तो बोलणारा त्या दिवशी पुन्हा सावरला नाही. पुढे कितीतरी वर्षे लोक ती थट्टा एकमेकांना सांगत राहिले. मित्रांनो, ही थट्टा लक्षात ठेवा.

रोस्टनना त्यांची पत्नी गेल्यावर रीतीप्रमाणे बहिणीच्या घरी परत यावे लागले. बहीण म्हणजे कोंग बिदालिन. तिची धाकटी मुलगी दाफिशा. आमच्याकडे घर धाकट्या मुलीकडे जाते, आणि तिच्या बाजूने शब्द मामाचा असतो. रोस्टननी दुसऱ्यांच्या किती मुलींसाठी बोलणी केली होती. आता स्वतःच्या भाचीसाठी बोलायची वेळ जवळ आली होती. ते शेतावर जाताना, चुलीजवळ बसल्यावर, मनातल्या मनात ते बोलणे रचत असत.

त्यांच्या तोंडाचे दुखणे फार हळू आले. पहिल्यांदा तुंगताप झोंबू लागला. भाजलेल्या सुक्या मासळीची ती चटणी ते लहानपणापासून भाताबरोबर खात होते. त्यांनी बहिणीला बोल लावला, की तू हल्ली मिरच्या वाढवल्यास. बिदालिनने मिरच्या कमी केल्या, तरी झोंबतच राहिले. पुढे त्यांना शीळ घालता येईना. मग जांभई अर्ध्यात अडकू लागली. मग भाताचा घास लहान करावा लागला. तोंड सुपारीच्या फोडीला पुरेना झाले, तेव्हाही त्यांनी सुपारी सोडली नाही. त्यांनी फोडी बारीक केल्या.

याचे कारण डॉक्टर इबाननी नंतर त्यांना समजावून सांगितले, ते मी ऐकले आहे. गालाच्या आतली त्वचा मऊ आणि ताणणारी असते. सुपारी वर्षानुवर्षे गालाशी धरली, की त्या त्वचेखाली चिवट दोरे तयार होतात. गाल पांढुरका आणि कातड्यासारखा ताठ होतो. जीभही पुढे येईनाशी होते. दुखत फारसे नाही. म्हणून माणसाला वाटते, काही झालेले नाही.

एका सकाळी रोस्टनच्या पोटात असह्य कळ आली. डोंगरावरच्या रुग्णालयात नेले. आमच्याकडे अंतरही क्वाईनेच सांगतात. ते रुग्णालय दोन क्वाई चघळून होईपर्यंतच्या वाटेवर होते, आणि त्या दुखण्यातही रोस्टननी वाटेत दोन्ही चघळल्या. पित्ताशयात खडे निघाले. औषधाने कळ थांबली, पण ते पित्ताशय केव्हातरी काढावे लागणार होते. डॉक्टर इबाननी त्यांना तोंड उघडायला सांगितले. एक बोट गेले. दुसऱ्याला जागा नव्हती.

मी तेव्हा त्यांच्या टेबलावर नवाकोरा पडलो होतो. त्यांनी रोस्टनना जे सांगितले, ते मला शब्दन् शब्द आठवते. भूल दिली की माणूस झोपतो, आणि त्याचा श्वासही झोपतो. तेवढ्या वेळात डॉक्टरांना तोंडावाटे दिवा लावलेले एक पाते आत घालून, जीभ बाजूला सारून, श्वासनलिकेत नळी बसवावी लागते. त्यासाठी हाताशी काही मिनिटेच असतात. दुखण्याने जबडा आखडला असेल तर भूल दिल्यावर तो सैल पडतो. दोऱ्यांनी आवळलेला गाल मात्र झोपेतही तसाच आवळलेला राहतो.

"आज मी तुम्हाला झोपवलं, तर नळी घालायला वाट नाही," त्या म्हणाल्या. "मग गळ्याला पुढून छिद्र पाडावं लागेल. जीव वाचेल. पण ते छिद्र असेपर्यंत आवाज नाही."

किती दिवस, असे रोस्टननी विचारले. काही आठवडे धरून चाला, असे त्या म्हणाल्या.

"भाचीचं लग्न ठरतंय," रोस्टन म्हणाले. "आवाज नसला तर मी तिथे काय करू? मांडवाचा खांब म्हणून उभा राहू?"

त्यावर डॉक्टर इबाननी मला उचलून त्यांच्या हातात दिले. माझे टोक बाजूच्या दातांमध्ये ठेवायचे आणि हळूहळू फिरवायचे. मी आत जाईन तसा जाड होत जाईन आणि दात एकमेकांपासून दूर होतील. रोज तीन वेळा. जोडीला काही औषध, आणि क्वाई पूर्ण बंद. मग त्यांनी नखांना लावायचा लाल रंग मागवून माझ्या डोक्याजवळ एक रेघ ओढली. दात त्या रेघेपर्यंत आले की दोन बोटांची जागा झाली, तेवढ्या जागेतून मला नळी घालता येईल, असे त्या म्हणाल्या. नाहीच जमले तर शिलाँगला जा. तिथे नाकातून, पुढचा रस्ता बघत जाणारी डोळस नळी आहे, आपल्याकडे ती नाही.

बिदालिन भावाला रागावली, की क्वाई सोडली नाहीस तर फुकट देवाघरी जाशील. आमच्याकडे माणूस गेला की तो देवाच्या घरी क्वाई खायला गेला असे म्हणतात. रोस्टन म्हणाले, "तिथेही क्वाईच पुढे करणार ना, बिदा? मग तोंड उघडायला हा पेच बरोबर द्यायला विसरू नकोस." खोलीत सगळे हसले. डॉक्टर इबान मात्र तेवढ्या हसल्या नाहीत.

तिथून माझ्या कामाचे दिवस सुरू झाले, आणि ते चांगले दिवस होते. रोस्टनच्या खांद्याला एक कापडी थैली असे. तिच्यातल्या सुपाऱ्या, पाने आणि चुन्याची डबी त्यांनी बहिणीला देऊन टाकली आणि तिथे मला ठेवले. माझ्याआधी राहून गेलेल्यांचा वास त्या थैलीला बरेच दिवस येत होता. सकाळी बिनदुधाचा लाल चहा झाला की ते पायरीवर बसत, मला दातांत धरत आणि अर्धा अर्धा वळसा फिरवत. डोळ्यांतून पाणी येई. लाळ हनुवटीवरून ओघळे. दाफिशा समोर सुपाऱ्या सोलत बसलेली असे आणि मामाला चिडवत असे, की माझ्या लग्नात तू बोलणार आहेस की नुसती जांभई देणार आहेस. त्यांना मी तोंडात असताना उत्तर देता येत नसे, म्हणून ती त्याच वेळी चिडवून घेई. मला बाहेर काढले की ते म्हणत, "आता बोल. आता बोल ना."

गावातले लोकही थट्टा करत. रोस्टनने पानमळा विकला काय, असे विचारत. पण ती आपल्या गावातली माणसे होती. डॉक्टरांची ताकीद आहे म्हटल्यावर ती पुढे केलेले तबक हसून मागे घेत.

माझ्या अंगावर त्यांच्या दातांच्या खुणा उमटू लागल्या. पेरूचे लाकूड कठीण, तरी खुणा उमटल्याच. आधी टोकाजवळ, मग जरा वर, मग आणखी वर. खुणा चढत गेल्या आणि लाल रेघ जवळ येत गेली. एके दिवशी रोस्टननी भाताबरोबर चिमूटभर तुंगताप मागितला. सगळे घर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी तो खाल्ला, जरा थांबले आणि आणखी मागितला. बिदालिन चुलीकडे तोंड फिरवून डोळे पुसत होती. धुराचे निमित्त होतेच.

डॉक्टर इबाननी तपासले. मी रेघेपासून दोन आटे अलीकडे थांबलो होतो. "बाह रोस्टन, दोनच आटे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्या डोक्यावर बोटाने टिचकी मारली. मला त्या दिवशी जो अभिमान वाटला, तो नंतर कधी वाटला नाही.

मग लग्नाचा दिवस पक्का करायला आमच्या घरची माणसे मुलाच्या घरी गेली. मुलगा बांतेइ, संत्र्यांच्या बागा असलेल्या घरातला. त्याची आजी, कोंग स्कोला, त्या घरातली सर्वांत मोठी. तिने स्वतःच्या थरथरत्या हातांनी सुपारी कापली, पानाला चुना लावला, आणि तबक पहिल्यांदा रोस्टनपुढे धरले. पाहुण्यांत मामा मोठा, म्हणून पहिला मान त्यांचा. बाकी सगळे गप्प झाले.

मी थैलीत होतो. रोस्टनचा हात आत आला आणि त्यांची बोटे माझ्यावर टेकली. मला वाटले, आता ते मला बाहेर काढतील. म्हणतील, कोंग, हे बघा माझे औषध, क्वाई मला चालत नाही. एवढे एक वाक्य पुरे होते. त्यांच्यासारख्या बोलणाऱ्याला एक वाक्य काय जड होते? पण परक्या घरात, नव्या सोयऱ्यांसमोर, वधूकडच्या बोलणाऱ्याने आपले तोंड उघडत नाही हे कसे सांगायचे? आणि तबक तसेच सोडले तर समोरून काय विचारले जाईल, हे त्यांच्याहून चांगले कोणाला माहीत होते? तो प्रश्न त्यांनीच तर शिकवला होता.

त्यांची बोटे माझ्यावरून निघून गेली. त्यांनी क्वाई उचलली, तोंडात ठेवली आणि चावली. सगळे पुन्हा बोलू लागले.

एका क्वाईने तोंड बंद होत नाही, मित्रांनो. तसे असते तर किती बरे झाले असते. ते तिथल्या तिथे घाबरले असते. पण त्या दिवशी सोयऱ्यांच्या आणखी काही घरी जावे लागले, आणि प्रत्येक घरी तबक होते. परतीच्या वाटेवर कोणीच आग्रह केला नव्हता, तरी त्यांनी एक मागून घेतली. पुढच्या आठवड्यात थैलीत माझ्याशेजारी पुन्हा पाने आली, सुपारी आली, चुन्याची डबी आली. डबीचे झाकण सैल होते. माझ्या आट्यांत चुना जाऊन बसला. त्यामुळे गाल सोलवटे, म्हणून मला फिरवणे दुखे, आणि दुखे म्हणून मला उद्यावर टाकले जाई. दाफिशा लग्नाच्या तयारीत होती. जाता येता ती विचारी, "मामा, फिरवलास?" ते हो म्हणत. तिचा मामा तिच्याशी खोटे बोलेल, असे तिच्या मनातही आले नाही. डॉक्टर इबाननी तपासायला बोलावले तेव्हा ते गेले नाहीत. सगळे ठीक आहे, असा निरोप पाठवला.

लग्न अगदी तोंडावर आले असताना पुन्हा कळ आली. या वेळी ताप होता, अंग पिवळे पडले होते आणि बोलण्यात भ्रम होता. रुग्णालयात नेईपर्यंत रक्तदाब उतरू लागला होता. सर्जन म्हणाले, पित्ताशय सडले आहे, शिलाँगपर्यंत नेण्याइतका वेळ नाही. कमरेत सुई देऊन भूल द्यायची तर रक्तदाब आणखी उतरेल. तोंडातून नळी घालून झोपवणे हाच मार्ग होता.

डॉक्टर इबाननी थैलीतून मला काढले. माझ्यावरचा चुना त्यांनी पाहिला. मला धुतले आणि रोस्टनच्या दातांत ठेवून फिरवले. मी दुसऱ्या वळशालाच अडलो. माझ्यावरच्या जुन्या खुणा कितीतरी वर राहिल्या होत्या. त्यांनी एकच विचारले.

"कधीपासून?"

रोस्टननी डोळे मिटले. दाफिशा खाटेच्या पायाशी उभी होती. ती आधी माझ्याकडे आणि मग मामाकडे बघत राहिली. मला वाटते, तिला त्याच क्षणी सगळे कळले. बाहेर गेल्यावर तिने डॉक्टरांना विचारले, की आवाज राहील का.

"आधी श्वास," डॉक्टर म्हणाल्या. "आवाजाचं नंतर बघू."

रोस्टन जागे असतानाच गळ्याची त्वचा बधिर करून तिथे छिद्र पाडले. डॉक्टर इबान त्यांचा हात धरून सारखे सांगत होत्या, की आता टोचल्यासारखे वाटेल, आता खोकला येईल, आता झाले. तिथून नळी घातली आणि मग त्यांना झोपवले. शस्त्रक्रिया लांबली, पण पार पडली. त्यांचा जीव वाचला. मी हे सगळे बाजूच्या ताटलीत पडून पाहिले. मी तिथे होतो आणि माझा काहीही उपयोग नव्हता.

लग्न पुढे ढकलावे असे बिदालिनचे मत होते. रोस्टननी मान हलवून नाही म्हटले. माणसांना आमंत्रणे गेली होती. मग शेजारच्या गावचे बाह ओस्बर्ट यांना वधूकडून बोलायला बसवले. ते सज्जन माणूस होते, नीट बोलले, थोडक्यात बोलले. रोस्टन त्यांच्या शेजारी चटईवर बसले होते. गळ्याच्या नळीवर पांढरा रुमाल बांधला होता, आणि प्रत्येक श्वासाबरोबर तो हलत होता. मी त्यांच्या खांद्याच्या थैलीत होतो. थैलीत पुन्हा मी एकटाच होतो.

वराकडच्या बोलणाऱ्याने रीतीचा प्रश्न केला, की मुलीच्या बाजूने जबाबदार कोण. दाफिशाच्या मामाने या प्रश्नाचे उत्तर कित्येक महिने मनात घासूनपुसून ठेवले होते. ओस्बर्ट बोलायचे थांबले आणि रोस्टनकडे पाहू लागले. रोस्टननी हात वर केला. फक्त हात. मांडवात कोणी हसले नाही, कोणी चिमटा काढला नाही. दाफिशाने खाली मान घातली.

बोलणी संपल्यावर वराकडून कोंग स्कोला तबक घेऊन आली. रीतीप्रमाणे पहिली क्वाई रोस्टनना. त्यांनी ती उचलली आणि मुठीत धरली. तोंडाकडे नेली नाही. आता ही म्हातारी काय म्हणेल, याची त्यांना भीती वाटत असावी, कारण ती मूठ त्यांनी गुडघ्याआड लपवली. कोंग स्कोला हळूच त्यांच्या शेजारी बसली. तिने खांद्यावरून नेसलेल्या आपल्या जैनसेमच्या टोकाची गाठ सोडून दाखवली. त्या गाठीत तिची स्वतःची क्वाई होती.

"दात गेले तेव्हापासून मी अशीच बांधून घेते रे," ती म्हणाली. "हातात घेतली की मान राखला. चावलीच पाहिजे असं आमच्या घरात कधी कोणी म्हटलं?"

रोस्टननी मूठ उघडली, तेव्हा ती पुढे म्हणाली,

"ती चुन्याची थट्टा तुझीच ना? माझा भाऊ होता तो समोर बसलेला. घरी येऊन तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा आणि हसायचा. आम्ही सगळे हसलो त्या थट्टेवर. तू एकट्यानेच ती खरी मानलीस."

त्यांनी काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. गळ्यातून नुसती हवा आली आणि रुमाल हलला. मग त्यांनी ती क्वाई थैलीत माझ्याशेजारी ठेवली.

पुढचे थोडेच आहे. नळी निघाली, छिद्र भरून आले, आवाज परत आला. पण दात तेवढेच उघडत, आणि त्यातून शब्द दबून येत. लग्नांची बोलावणी हळूहळू ओस्बर्टांकडे जाऊ लागली. रोस्टननी क्वाई पुन्हा कधी तोंडात घातली नाही. त्यांनी मला पुन्हा हातात घेतले, नेमाने फिरवले, पण ते दोरे आता जुने झाले होते. मी थोडा वर चढलो आणि थांबलो. कितीतरी दिवस तिथेच थांबलो. मग एकदा त्यांनी मला पुसून थैलीत ठेवले आणि थैली खुंटीला अडकवली.

डॉक्टर इबाननी तेइबोरांकडून माझे बरेच भाऊ करून घेतले. ते कोणाकोणाकडे गेले, ते मला ऐकून माहीत आहे. पूर्वी ते म्हाताऱ्यांकडे जात. आता दुकानात रंगीत पुडीत गोड सुपारी मिळते, आणि माझे भाऊ शाळा नुकतीच संपलेल्या मुलांकडे जातात.

मध्यंतरी दाफिशाच्या लहान मुलीने खुंटीवरची थैली ओढली, मला बाहेर काढले आणि दोरी गुंडाळून फिरवून पाहिले. दोरी आट्यांत अडकली. मी दोन गिरक्या घेतल्या आणि आडवा पडलो. हा भोवरा वाईट आहे, असे ती म्हणाली. दाफिशाने मला उचलले. माझ्यावरच्या दातांच्या खुणांवरून तिने अंगठा फिरवला, अगदी शेवटच्या खुणेपर्यंत. तो भोवरा नाही, मामाआजोबांचा आहे, एवढेच तिने मुलीला सांगितले आणि मला परत जागेवर ठेवले.

मित्रांनो, मी लाकडाचा आहे, मला उपदेश करता येत नाही. पण एक विनंती आहे. आज आरशासमोर उभे राहा आणि तुमची स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून तोंडात घालून बघा. जात असतील, तर ती जागा सांभाळा. घरात कोणाची जात नसतील, तर त्यांना हसू नका, त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. आणि कोणी प्रेमाने सुपारी पुढे केली, तर ती हातात घ्या, आभार माना आणि गाठीला बांधा. देणाऱ्याचा मान तेवढ्यानेही राहतो. रोस्टनना हे कळले तेव्हा त्यांच्याकडे ते सांगायला आवाज नव्हता, म्हणून मी सांगतो आहे.

कोंग स्कोलाची ती क्वाई अजून माझ्याशेजारी आहे. पानाचा चुरा झाला, सुपारी खड्यासारखी सुकली. रोस्टननी ती खाल्ली नाही आणि टाकलीही नाही. माझ्या अंगावर खालपासून वरपर्यंत त्यांच्या दातांच्या खुणा आहेत. त्या रेघेच्या दोन आटे अलीकडे संपतात. तिथून पुढे लाकूड अजून नवे आहे, आणि लाल रेघ डॉक्टरांनी ओढली त्या दिवसासारखीच कोरी आहे.